डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि शस्त्रक्रियेविना उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांकडून जवळजवळ याच शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून उपचार निवडायला मदत होईल, पण सुई किंवा लेझर लावण्याआधी डॉक्टरांनी तुमची पापणी प्रत्यक्ष पाहायलाच हवी. डोळा अगदी शेजारी असल्यामुळे इथली चूक गालावरच्या चुकीपेक्षा फार महाग पडते.

१. मी ३२ वर्षांची आहे. हसले की डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला रेषा पडतात. इतक्या लवकर?

लवकर नाही. डोळ्याभोवती बांगडीसारखा एक गोल स्नायू असतो, त्याचे नाव ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली. पापण्यांची उघडझाप, डोळे घट्ट मिटणे, हसताना ते बारीक होणे ही सगळी त्याची कामे. तो आकसला की वरच्या कातडीला चुण्या पडतात. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात तेलग्रंथीही कमी. त्यामुळे चेहऱ्यावरच्या पहिल्या रेषा बहुतेकांना इथेच दिसतात, तिशीच्या आसपास. फक्त हसताना दिसत असतील तर त्याला दोष मानायचे काहीच कारण नाही.

२. माझ्या सुरकुत्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे घरी कसे ओळखायचे?

दिवसा खिडकीकडे तोंड करून हातात आरसा घ्या. आधी चेहरा अगदी सैल सोडा आणि पाहा. मग मनापासून हसा आणि पुन्हा पाहा.

चेहरा स्वस्थ असताना कडा स्वच्छ आणि हसल्यावर पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा, तर त्या हालचालीच्या सुरकुत्या. त्यांच्यावर बोटॉक्सचा (स्नायू काही महिने सैल ठेवणारे इंजेक्शन, प्रश्न ७ पाहा) परिणाम उत्तम होतो. चेहरा स्वस्थ असतानाही त्याच रेषा कोरल्यासारख्या दिसत असतील तर त्या स्थिर सुरकुत्या. तिथे कातडीतले कोलॅजन (तिला घट्ट धरून ठेवणारे प्रथिन) खचलेले असते, स्नायू सैल केला तरी रेषा पूर्ण जात नाही, नुसती उथळ होते. तिसरा प्रकार खालच्या पापणीवरचा: चुरगळलेल्या पातळ कागदासारखी बारीक जाळी. हा कातडीच्या पोताचा प्रश्न आहे, त्यावर रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए-च्या कुळातली औषधे, उदाहरणार्थ रेटिनॉल) आणि लेझर यांचा विचार होतो.

चौथी गोष्ट सुरकुतीच नाही. डोळ्याखाली फुगीर पिशवी दिसते आणि मान न हलवता नुसते डोळे वर करून छताकडे पाहिले की ती जास्त उठून दिसते, तर ती पुढे सरकलेली चरबी आहे. तिच्याबद्दल प्रश्न २० पाहा. चाळिशीनंतर बहुतेकांमध्ये दोन-तीन प्रकार एकत्र असतात. ‘एकाच सीटिंगमध्ये सगळे साफ’ असे कोणी सांगितले तर त्याने नीट पाहिलेले नाही.

३. रेषा वाढण्याची खरी कारणे कोणती? वय सोडून.

ऊन हे सर्वांत मोठे. उन्हातले यूव्हीए किरण कातडीच्या खोलवर जाऊन कोलॅजन तोडतात, आणि ते साध्या काचेतूनही आत येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्यामुळे बहुतेक यूव्हीए अडवते, बाजूच्या काचा तेवढे अडवत नाहीत. २०१२ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षे ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापून आला. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्यांनी उजवा डोळा जरूर निरखून पाहावा.

त्याखालोखाल सिगारेट आणि डोळे चोळण्याची सवय. ॲलर्जीने डोळे खाजत असतील तर आधी खाज थांबवा, नाहीतर क्रीमचा पैसा वाया जातो. एक कारण सहज सुटून जाते: चष्म्याचा नंबर. चाळिशीत जवळचे दिसेनासे होते, माणूस महिनोन्‌महिने डोळे बारीक करून मोबाइल वाचतो आणि भुवयांच्या मध्ये व कडेला घड्या पडतात. नंबर तपासून घेणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

४. फक्त क्रीमने भागेल का? नेमके कोणते?

उथळ रेषा आणि बारीक जाळी यांना क्रीमने खरोखर फरक पडतो, मात्र ३ ते ६ महिने धीर धरावा लागतो. खोल रेषा क्रीमने जात नाहीत.

पैसे दोनच गोष्टींवर घाला. सकाळी किमान एसपीएफ ३० आणि पीए+++ असलेले सनस्क्रीन, रात्री रेटिनॉइड. सनस्क्रीनने डोळे चुरचुरतात म्हणून पुष्कळ जण नेमका डोळ्यांचा भाग सोडून देतात. त्यांनी झिंक ऑक्साइडवर आधारलेले सनस्क्रीन किंवा त्याची कांडी वापरावी. ती घाम आला तरी ओघळत नाही. सोबत ‘यूव्ही ४००’ असे स्पष्ट लिहिलेला, कडेनेही डोळा झाकणारा गॉगल. नुसती काळी काच उपयोगाची नाही.

व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, पेप्टाइड हे पूरक आहेत, परवडत असतील तर घ्या. हायलुरॉनिक ॲसिडचे सीरम कातडीत पाणी धरून ठेवते, त्यामुळे रेषा काही तास कमी दिसतात. सुरकुतीवरचा तो उपचार नाही.

५. रेटिनॉल लावल्यावर पापण्या लाल झाल्या, सालपटे निघाली. बंद करू का?

आठवडाभर थांबा, साधे मॉइश्चरायझर लावा आणि मग कमी प्रमाणात पुन्हा सुरू करा. जवळजवळ नेहमी चूक प्रमाणाची किंवा जागेची असते.

दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. तोंड धुतल्यावर कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, २० मिनिटे तरी. ओल्या कातडीत औषध जास्त शिरते आणि जळजळते. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. बोटाने डोळ्याच्या खोबणीचे हाड चाचपा. औषध त्या हाडावर आणि त्याच्या बाहेरच लावायचे, पापणीच्या हलत्या भागावर नाही. ते रात्रीत आपोआप थोडे आत सरकतेच. पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, मग एकाआड एक.

सुरुवात ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉलने करावी. ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के जास्त जोरकस असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना कोणतेही रेटिनॉइड नको. डोळे आधीच कोरडे असतील तर पापणीच्या कडेजवळ ते अजिबात नेऊ नका, तिथल्या तेलग्रंथींवर परिणाम होऊन कोरडेपणा वाढतो.

६. बटाट्याचा रस, लिंबू, अंड्याचा पांढरा बलक, एरंडेल यांचे काय?

अंड्याचा पांढरा बलक वाळताना कातडी ताणतो, धुतला की संपले. खोबरेल किंवा एरंडेल ओलावा टिकवते, तेवढाच त्यांचा गुण. लिंबू मात्र डोळ्याजवळ नकोच. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर भाजल्यासारखे होऊन काळे डाग राहतात.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे शेजारणीने किंवा दुकानदाराने दिलेली ‘गोरे करणारी’ ट्यूब. तिच्यात स्टिरॉइड असेल (बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे शोधा) तर पहिले पंधरा दिवस कातडी तुकतुकीत दिसते आणि मग कागदासारखी पातळ होत जाते. डोळ्याभोवती स्टिरॉइड दीर्घकाळ लावल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. अशी ट्यूब महिनोन्‌महिने वापरली असेल तर एकदम तोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू बंद करा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या.

७. बोटॉक्स म्हणजे विष टोचणे ना? डोळ्याजवळ ते सुरक्षित कसे?

ते एका जिवाणूपासून मिळणारे प्रथिन आहे आणि मोठ्या मात्रेत विषच आहे. औषधात त्याची मात्रा अत्यंत सूक्ष्म असते. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला ‘आकस’ असा जो निरोप जातो तो ते काही महिने अडवते.

हे औषध मुळात डोळ्यांच्या दवाखान्यातूनच आले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी विकसित केले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याचा विकार यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स आणि त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ अलास्टेअर कॅरुथर्स यांनी त्याचा सुरकुत्यांवरचा उपयोग पुढे आणला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता २००२ ची, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ ची.

८. नेमके किती युनिट लागतात आणि प्रत्यक्षात काय करतात?

कडेच्या रेषांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा एकूण २४ युनिट: प्रत्येक बाजूला तीन टोचण्या, प्रत्येकी ४ युनिट. बारीक स्नायू असलेल्यांना कमीही पुरते.

औषध कुपीच्या तळाशी कोरड्या पातळ थरासारखे असते, पुष्कळदा कुपी रिकामीच वाटते. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिलिलीटर सलाइन घातले की ०.१ मिलिलीटरमध्ये ४ युनिट येतात, म्हणजे एका टोचणीला एक दशांश मिलिलीटर. डॉक्टर तुम्हाला जोरात हसायला सांगतात, रेषांच्या जागा पेन्सिलने टिपतात, मग चेहरा सैल करायला लावून केसासारख्या बारीक सुईने टोचतात. पहिली टोचणी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दीड ते दोन सेंटिमीटर दूर, खोबणीच्या हाडाच्या बाहेर. सुई वरवरच असते. डास चावल्यासारखी गाठ उठते आणि अर्ध्या तासात बसते. टोचण्याचे काम पाच मिनिटांचे.

डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाचे युनिट वेगळे मोजतात, आकडा साधारण अडीच ते तीन पट दिसतो. म्हणून ‘मैत्रिणीला ६० दिले, मला २४ च’ ही तुलना औषधाचे नाव विचारल्याशिवाय करू नका.

९. परिणाम कधी दिसतो, किती टिकतो? बंद केले तर दुपटीने सुरकुत्या येतात का?

दोन-तीन दिवसांत सुरुवात, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांत, टिकतो ३ ते ४ महिने. बंद केले तर चेहरा होता तिथे परत येतो. सवय झालेल्या नजरेला ते ‘वाढल्या’सारखे वाटते. उलट ते महिने स्नायूला विश्रांती मिळाल्याने रेषा थोड्या कमीच कोरल्या जातात.

पंधराव्या दिवशी फेरतपासणीला जा. एक बाजू कमी पडली असेल तर तेव्हाच थोडी भर घालतात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नका. वारंवार आणि जास्त मात्रेने शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन औषध लागू पडेनासे होऊ शकते.

१०. चेहरा पुतळ्यासारखा होईल का?

मात्रा नेमकी असेल तर नाही. चांगल्या हातांनी दिलेल्या बोटॉक्सनंतर हसताना दोन-चार हलक्या रेषा राहतात आणि त्या राहायलाच हव्यात. डोळे न हसता नुसते ओठ हसले की समोरच्याला काहीतरी खटकते. पहिल्यांदा घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘रेषा कमी हव्यात, नाहीशा नकोत.’ कमी दिले तर भर घालता येते, जास्त झालेले काढता येत नाही.

११. घरात लग्न आहे. किती दिवस आधी करावे?

बोटॉक्स एक महिना आधी. दोन आठवडे परिणाम पूर्ण व्हायला, आणि काळेनिळे झाले किंवा भर घालावी लागली तर उरलेले दोन. लेझर करायचे असेल तर ३ ते ४ महिने आधी आणि फेरे संपवून. लग्नाच्या आठवड्यात डोळ्यांभोवती कोणतीही नवी गोष्ट, साधी नवी क्रीमसुद्धा, सुरू करू नका.

१२. टोचल्यानंतरचे पथ्य काय?

चार तास आडवे होऊ नका, जागा चोळू नका. त्या दिवशी व्यायाम, वाफ, गरम पाण्याची लांबलचक अंघोळ नको. दोन दिवस फेशियल, डोक्याचा चंपी-मसाज नाही. दिवाळीच्या तोंडावर घेतले असेल तर अभ्यंगाच्या वेळी तोंडाला आणि कपाळाच्या बाजूंना तेल रगडू देऊ नका. दाबाने औषध शेजारच्या स्नायूत सरकते, सगळ्या पथ्याचे कारण हेच.

निळसर डाग पडू नये म्हणून आठवडाभर आधीपासून फिश ऑइल, लसणाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई बंद ठेवा. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र सुरकुतीसाठी कधीही स्वतःहून बंद करू नका. डाग दहा दिवसांत जातो.

१३. डॉक्टरांनी खालच्या पापणीत बोटॉक्स द्यायला नकार दिला. का?

बहुधा त्यांनी पापणीचा ताण तपासला असेल. खालची पापणी दोन बोटांनी हलकेच खाली ओढून सोडायची. निरोगी पापणी चटकन डोळ्याला जाऊन चिकटते. ती हळूहळू परतली किंवा पापणी मिटल्यावरच जागेवर गेली तर आधार सैल झालेला आहे. अशा पापणीचा स्नायू आणखी सैल केला तर ती डोळ्यापासून सुटते, खालचा पांढरा भाग जास्त दिसतो, डोळ्यांतून पाणी वाहते आणि तरीही डोळा कोरडा पडतो. ज्यांच्या डोळ्याखाली सकाळी सूज असते त्यांची सूजही वाढू शकते. नकार देणारा डॉक्टर तुमच्या भल्याचेच सांगतो आहे.

१४. बोटॉक्सनंतर एक पापणी खाली आली आहे / हसताना एक गाल कमी उचलतो. आता काय?

घाबरू नका, हे कायमचे नाही. पापणी पडणे बहुतेकदा भुवयांमधल्या टोचणीमुळे होते: औषध खोबणीत उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचते. ते साधारण काही आठवड्यांत सुधारते. तोवर ॲप्राक्लोनिडिन ०.५ टक्के या थेंबांनी पापणी १ ते २ मिलिमीटर वर राहते. ते चिठ्ठीनेच मिळतात, डोळ्याचा काही आजार असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारून घ्या.

गाल कमी उचलणे म्हणजे कडेची टोचणी फार खाली किंवा फार खोल गेली आणि ओठांचा कोपरा वर खेचणारा स्नायू सैल झाला. त्यावर थेंबांचा उपाय नाही, वाट पाहावी लागते. मालिश करून ‘औषध पसरवण्याचा’ प्रयत्न करू नका.

एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे ही लक्षणे मात्र वेगळी. त्यांत फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

१५. कोणी बोटॉक्स घेऊ नये?

मायस्थेनिया ग्रॅव्हिस किंवा मज्जातंतू व स्नायूंचा तत्सम आजार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, टोचण्याच्या जागी फोड किंवा संसर्ग असलेल्यांनी. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविकांची इंजेक्शने चालू असतील तर ती संपेपर्यंत थांबा, त्यांनी परिणाम वाढतो. पूर्वी तोंडाचा लकवा होऊन गेला असेल तर तो पूर्ण बरा झालेला असला तरी सांगा.

लॅसिक (चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया) झालेल्यांनी आणि डोळे कोरडे असलेल्यांनी आधी नेत्रतज्ज्ञांकडून अश्रूंची तपासणी करून घ्यावी. उघडझाप थोडी मंदावली तरी अशा डोळ्यांचा पारदर्शक पडदा उघडा पडून त्याला इजा होऊ शकते.

१६. डोळ्याखालच्या खळग्यात फिलर भरून घेऊ का?

या यादीतला सर्वांत विचार करून घ्यायचा निर्णय. हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर खळगा भरते, सुरकुती थेट पुसत नाही. कडेच्या बारीक रेषांत ते भरू नये, पातळ कातडीखाली गाठी दिसतात. फार वरवर गेले तर कातडीखाली निळसर छटा दिसते. फिलर पाणी धरून ठेवते, म्हणून ज्यांच्या डोळ्याखाली आधीच सूज आहे त्यांना सकाळी पिशव्या आणखी मोठ्या दिसू लागतात.

खरा धोका दुर्मीळ पण भयंकर आहे. फिलर रक्तवाहिनीत गेले आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटला तर दृष्टी जाते, आणि वाचवायला वेळ मिनिटांत मोजावा लागतो. म्हणून आधी विचारा: ‘हायलुरॉनिडेझ आत्ता दवाखान्यात आहे का?’ फिलर विरघळवणारे हे औषध ज्याच्याकडे तयार नाही त्याच्याकडून फिलर घेऊ नका. टोचताना किंवा नंतर अचानक अंधारी, तीव्र वेदना, कातडी पांढरीफटक किंवा जाळीदार जांभळी झाली तर एक मिनिटही वाया घालवू नका.

सुईविना दाबाने फिलर सोडणारी ‘हायलुरॉन पेन’ ऑनलाइन मिळतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्येच त्यांच्याविरुद्ध इशारा दिला आहे. ती घरी वापरू नका आणि पार्लरमध्येही नको.

१७. सावळ्या कातडीवर लेझर चालते का? काळे डाग पडतात असे ऐकले आहे.

खरे ऐकले आहे, पण अर्धे. आपली कातडी उन्हापासून जास्त संरक्षण देते, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात. त्याच रंगद्रव्यामुळे, भाजले किंवा सोलले गेले की जागा काळवंडते. हे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात.

लेझरचे दोन गट समजून घ्या. फ्रॅक्शनल सीओटू (१०,६०० नॅनोमीटर) आणि अर्बियम याग (२,९४० नॅनोमीटर) कातडीचे सूक्ष्म खांब उडवतात. परिणाम ठळक, पण ५ ते ७ दिवस लाली आणि खपल्या, आणि काळवंडण्याची शक्यता जास्त. १,५५० नॅनोमीटरचे अर्बियम ग्लास वरचा थर शाबूत ठेवून आत उष्णता देते, त्याला फेरे जास्त लागतात पण गव्हाळ-सावळ्या कातडीला ते मानवते. ऊर्जा कमी, ठिपके विरळ आणि दोन फेऱ्यांत किमान महिन्याचे अंतर, हे आपल्या कातडीचे गणित. एका फेऱ्यात ‘पूर्ण पॉवर’ देणाऱ्याकडे जाऊ नका.

आपल्याकडे यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने बरे. एप्रिल-मेच्या उन्हात लेझर करून दुचाकीवर फिरणे म्हणजे डाग ओढवून घेणे. ऊन लागून कातडी रापलेली असताना करू नका. ओठांवर वारंवार नागिणीसारखे ताप-फोड येत असतील तर आधी विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्या लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले असल्यास तारखेसह सांगा.

आणि डोळ्याचे झाकण. खोबणीच्या हाडाच्या आत, पापणीवर लेझर करायचे तर बाहेरचा चष्मा पुरत नाही. सुन्न करणारे थेंब टाकून पापणीखाली धातूची गुळगुळीत वाटी बुबुळावर बसवतात. ती न बसवता कोणी पापणीवर लेझर चालवत असेल तर खुर्चीवरून उठा.

१८. पील, मायक्रोनीडलिंग, पीआरपी यांत काय निवडावे?

बारीक जाळीसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडीत सूक्ष्म छिद्रे पाडणे) ठीक. डोळ्याजवळ सुईची खोली साधारण अर्धा मिलिमीटर, महिन्याच्या अंतराने ३ ते ४ फेरे. घरचा डर्मारोलर डोळ्याभोवती नको, वाकलेल्या सुया कातडी फाडतात.

पील म्हणजे आम्लाने कातडीचा वरचा थर काढणे. ते हलकेच हवे, लॅक्टिक किंवा मँडेलिक. इथे धोका अश्रूंचा: डोळ्यातून पाणी आले की त्याच्या ओघळातून आम्ल डोळ्याकडे खेचले जाते. म्हणून कोपऱ्यांना व्हॅसलिन, जवळ माणूस टिपायला आणि सलाइनची बाटली उघडून ठेवलेली, एवढे असावे.

पीआरपीत तुमचेच १० ते २० मिलिलीटर रक्त घेऊन यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेट असलेला भाग टोचतात. परिणाम माणसागणिक फार बदलतो. स्वच्छता मात्र तडजोडीचा विषय नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये अशा फेशियलमधून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये नोंदवले. सुई, सिरिंज, नळी तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे.

‘एक्झोसोम’ (पेशींतून बाहेर पडणारे सूक्ष्म कण) टोचून घेण्याची जाहिरात दिसते. टोचण्यासाठीचे एकही एक्झोसोम उत्पादन अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेले नाही. थांबा.

१९. हायफू किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी?

हायफू एका बिंदूवर केंद्रित केलेल्या ध्वनिलहरींनी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी विद्युतलहरींनी कातडीत उष्णता निर्माण करते, आणि दोन्ही त्या उष्णतेने कोलॅजन आकसवतात. सौम्य सैलपणावर थोडा फरक पडतो, तोही २ ते ३ महिन्यांनी. पेसमेकर असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सी नको. हायफूचे टोक खोबणीच्या हाडाच्या आत कधीही नेऊ नये. अप्रशिक्षित माणसाने डोळ्याजवळ हायफू चालवल्यावर मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

२०. सगळे केले तरी फरक नाही. चूक कुठे झाली?

बहुधा उपचार चुकीच्या गोष्टीवर झाला. डोळ्याखालची चरबीची पिशवी आणि वरच्या पापणीची लोंबती कातडी यांना बोटॉक्स, लेझर, क्रीम यांतले काहीही हलवत नाही. तो शस्त्रक्रियेचा विषय आहे. पापणी बाहुलीवर येऊन दिसण्यात अडथळा होत असेल तर ऑक्युलोप्लास्टीच्या (पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

कधी सुरकुती वाटणारी गोष्ट वेगळीच निघते. कातडीच्याच रंगाचे टणक दाणे म्हणजे सिरिंगोमा. पांढरे मोहरीसारखे दाणे म्हणजे मिलिया. नाकाकडच्या कोपऱ्यातले पिवळट चट्टे म्हणजे झँथेलाझ्मा, त्यात आधी कोलेस्टेरॉल तपासा.

२१. उपचारांचा क्रम कसा लावायचा?

आधी तीन महिने सनस्क्रीन आणि रेटिनॉइड. मग हालचालीच्या रेषांसाठी बोटॉक्स. दोन-चार आठवड्यांनी, जे उरते त्यासाठी लेझर किंवा मायक्रोनीडलिंग. पहिल्या पायरीवरच पुष्कळांचे समाधान होते आणि पैसे वाचतात. लेझरच्या आधी आठवडाभर रेटिनॉइड बंद ठेवा, कातडी पूर्ण भरल्यावर पुन्हा सुरू करा.

२२. डॉक्टर खरा आहे, औषध खरे आहे हे कसे ओळखू? पार्लरमध्ये निम्म्या पैशांत करतात.

पार्लरमध्ये टोचून घेऊ नका, निम्म्यात काय, फुकटातही. एमडी त्वचारोग, डीव्हीडी (त्वचारोगाची पदविका), प्लास्टिक सर्जन किंवा ऑक्युलोप्लास्टीचे प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, यांपैकी कोण आहेत ते विचारा. महाराष्ट्रात असाल तर त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि तपासा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही नुसती पाटी पुरेशी नाही.

कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख यांचा फोटो काढा. बंद कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजमध्ये असायला हवी. सलाइन घातल्यावर २४ तासांत वापरावी असे बोटॉक्सच्या पत्रकात लिहिले आहे. आधीच भरून ठेवलेली सिरिंज समोर आली तर आत किती युनिट आहेत आणि ती कधी भरली हे कळायला काही मार्ग नसतो. अमेरिकेतही २०२४ मध्ये बनावट बोटॉक्सने माणसे रुग्णालयात पोचली.

२३. खर्च कसा मोजायचा? विमा मिळतो का?

भाव ‘एका भागाचा’ नव्हे, युनिटचा विचारा. युनिटला ३०० रुपये सांगितले तर २४ युनिटचे ७,२०० होतात आणि वर्षात तीन वेळा घेतले तर २१,६००. फार स्वस्त भावात बहुधा औषध जास्त पातळ केलेले असते, मग दीड महिन्यात परिणाम ओसरतो. सौंदर्योपचार आरोग्य विम्यात बसत नाहीत, आणि त्यांवर जीएसटी लागतो. पावतीवर औषधाचे नाव आणि युनिट लिहून घ्या.

२४. काहीही उपचार न घेता माझ्या एका डोळ्याच्या सुरकुत्या अचानक कमी झाल्या. चांगलेच ना?

नाही. हा प्रश्न मधूनमधून येतो आणि तो वाचला की काळजी वाटते. एकाच बाजूच्या रेषा एका-दोन दिवसांत पुसल्या गेल्या तर त्या बाजूचा स्नायू काम करत नसण्याची शक्यता असते. आरशासमोर डोळे घट्ट मिटा, भुवया उचला, दात दाखवा. एक डोळा नीट मिटत नसेल, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळत असेल, तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा असू शकतो. त्यावरच्या स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर बरे होण्याची शक्यता वाढते, आणि तोवर न मिटणाऱ्या डोळ्यात अश्रूंसारखे थेंब टाकत राहावे लागतात, रात्री डोळा चिकटपट्टीने बंद करावा लागतो.

सोबत हात किंवा पाय लुळा वाटत असेल, बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल तर तो मेंदूचा झटका समजा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते घड्याळात पाहून कागदावर लिहा आणि तो कागद रुग्णाबरोबर द्या.